निकाल लागला, ताबा कधी?

कब्जा वॉरंट हा दिसायला अगदी मामुली कागद. वर न्यायालयाचे नाव, मग दरखास्तीचा, म्हणजे बजावणीसाठी केलेल्या अर्जाचा, नंबर, दोन्ही बाजूंची नावे, मिळकतीचे वर्णन, आणि शेवटी अमुक तारखेच्या आत बजावून अहवालासह परत करावे अशी तंबी. गोल शिक्का, त्यावर अर्धी चढलेली सही. या एका कागदाच्या जोरावर न्यायालयाचा एक साधा कर्मचारी, बेलिफ, दुसऱ्याच्या राहत्या घराचा कडीकोयंडा काढू शकतो. साठ पानी निकालपत्र असो की सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेले अपील, शेवटी सगळे बेलिफाच्या पिशवीत येऊन पडते, आणि तो परत आल्यावर वॉरंटाच्या पाठीवर जो शेरा लिहितो त्यावर पुढचे ठरते.

हे दुखणे जुने आहे. बिहारमधल्या दरभंगा राज या जमीनदारीच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, १८७२ मध्येच म्हणून ठेवले होते की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी खऱ्या सुरू होतात त्या हुकूमनामा, म्हणजे निकालानुसार निघणारा न्यायालयाचा आदेश, हाती आल्यावर. एप्रिल २०२१ मध्ये राहुल शहा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा. मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात तेच पुन्हा सांगावे लागले, आणि या वेळी सर्व उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले गेले. ते आले तेव्हा देशभरात ८ लाख ८० हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे दिसले. त्यात पहिला नंबर महाराष्ट्राचा, ३ लाख ४० हजारांच्या वर. आपल्याकडे एवढ्या लोकांच्या घरात जिंकलेला निकाल आहे आणि जिंकलेली वस्तू नाही.

दोष बेलिफाला, वकिलाला, 'तारीख पे तारीख'ला द्यायची पद्धत आहे, आणि तो काही अंशी खराही आहे. पण दारात जो घोळ होतो त्याचे मूळ बरेचदा दहा-पंधरा वर्षांपूर्वी टाइप केलेल्या दाव्याच्या एखाद्या परिच्छेदात सापडते. कोणाला पक्षकार केले, मिळकत कशी लिहिली, मागणी नेमकी काय केली. दावा चालताना या गोष्टींकडे कोणी फारसे बघत नाही, कारण सगळ्यांचे लक्ष खरे कोण, खोटे कोण याकडे असते. बेलिफाला खऱ्याखोट्याशी कर्तव्य नसते. त्याला दार सापडायला हवे.

हुकूमनामा झाला म्हणून न्यायालय आपण होऊन हलत नाही. जिंकलेल्याने पुन्हा अर्ज करायचा, तोच दरखास्त. कनिष्ठ स्तराच्या न्यायालयात ती रेग्युलर दरखास्त, वरिष्ठ स्तरात स्पेशल. मुंबईत घरभाड्याचे दावे धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात आणि त्याच्या वांद्र्याच्या शाखेत चालतात, आणि तिथल्या जुन्या कारकुनांना दाव्याच्या नंबराआधीची 'आर. ए. ई.' किंवा 'एल. ई. अँड सी.' ही अक्षरे पाहूनच भांडण भाडेकरूशी की लायसन्सवाल्याशी हे कळते. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेची, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिची, वॉरंटे मात्र मुंबईच्या शेरीफच्या कार्यालयामार्फत जातात. शेरीफ हे मानाचे पद. राबतात ते उपशेरीफ आणि त्यांचे बेलिफ.

दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश २१, वकिलांचा 'ऑर्डर एकवीस', एकशे सहा नियमांचा आहे. संहितेतला सर्वांत लांब आदेश हाच. त्याच्या अकराव्या नियमात दरखास्तीचा तक्ता दिला आहे: दाव्याचा नंबर, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, अपील झाले का, काही रक्कम भरली का, आपसात काही मिटले का, आधी दरखास्त केली होती का आणि तिचे काय झाले, व्याज किती, खर्च किती, कोणाविरुद्ध बजावणी हवी आणि कोणत्या मार्गाने. हा तक्ता घाईत भरला जातो. 'आधीची दरखास्त' या रकान्यात 'नाही' लिहिले आणि प्रत्यक्षात एक दरखास्त गैरहजेरीत निकाली निघालेली असली, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला ती काढून दाखवतो. त्याने हुकूमनामा काही मरत नाही, पण चार-सहा महिने सहज जातात.

मुदतीचेही तसेच. हुकूमनामा बजावायला बारा वर्षे मिळतात हे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून लोक निवांत राहतात. पण 'बांधलेली भिंत पाडून टाका' अशा स्वरूपाचा आज्ञार्थक मनाई हुकूम असेल तर मुदत फक्त तीन वर्षांची. निरंतर मनाई हुकमाला मुदतच नाही. एकाच हुकूमनाम्यात तिन्ही गोष्टी असू शकतात: ताबा द्या, भिंत पाडा, पुन्हा अडथळा करू नका. बारा वर्षांच्या भरवशावर राहिलेल्याच्या हातून मधली गोष्ट निसटते. शिवाय हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटली असतील, किंवा जाबदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला तो, वारला असून वारसांविरुद्ध बजावणी करायची असेल, तर आधी नियम २२ ची नोटीस काढावी लागते. ती वगळून थेट वॉरंट काढून घेणारे हुशार असतात, पण तो ताबा पुढे टिकेलच याची खात्री नसते.

अपील दाखल केले की बजावणी आपोआप थांबते हा मोठा गैरसमज. आदेश ४१ चा पाचवा नियम नेमके उलट सांगतो: नुसते अपील म्हणजे स्थगिती नव्हे. स्थगिती मागावी लागते, भरून न येणारे नुकसान दाखवावे लागते, उशीर केलेला नसावा लागतो आणि तारण द्यावे लागते. म्हणून जिंकलेला माणूस त्याच आठवड्यात वरच्या न्यायालयात कॅव्हेट टाकतो, म्हणजे त्याला ऐकल्याशिवाय स्थगिती मिळू नये. कॅव्हेट नव्वद दिवसच जगते. एक्याण्णवाव्या दिवशी अपील दाखल करणारे लोकही असतात, आणि तो योगायोग नसतो.

२००४ च्या डिसेंबरमध्ये आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणाचा निकाल आल्यापासून एक गोष्ट मात्र बदलली. ताब्याच्या हुकूमनाम्याला स्थगिती हवी असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून बाजारभावाने भरपाई भरा, अशी अट अपील न्यायालय घालू शकते. दक्षिण मुंबईत दरमहा दोन-तीनशे रुपये भाड्यात राहणाऱ्याला बाजारभावाची अट लागली की स्थगितीची चैन परवडत नाही. मग तडजोडीची भाषा सुरू होते: वर्षभराची मुदत द्या, आम्ही लेखी हमी देतो. ही हमी, म्हणजे अंडरटेकिंग, हा ताबा मिळवण्याचा सर्वांत कमी आवाजाचा मार्ग आहे असे मला वाटते. पण तीत घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही हवी. जागेत आम्हीच राहतो, दुसऱ्या कोणाचा हक्क निर्माण केलेला नाही आणि करणार नाही, भाडे भरत राहू, अमुक तारखेला कुलूप काढून देऊ, हे सगळे स्पष्ट हवे. बापाने सही केली आणि धाकटा मुलगा राहिला, तर मुदत संपताना तोच मुलगा दारात उभा असतो.

आता मिळकतीचे वर्णन. दाव्यात चतुःसीमा किंवा सर्व्हे नंबर देऊन मिळकत ओळखू येईल असे लिहा, असे आदेश ७ चा तिसरा नियम म्हणतो. लिहिले जाते ते असे: 'अमुक पेठ, घर नंबर इतका, दुसऱ्या मजल्यावरील पूर्वेकडील दोन खोल्या'. दावा चालतो बारा वर्षे. मधल्या काळात महापालिका घरांना नवे नंबर देते. तळमजल्याला पहिला मजला म्हणायचे की नाही यावर वाड्यात मूळचेच दुमत असते. खोली नंबर सात आणि आठमधली भिंत पाडून एक मोठी खोली होते. समोरचा ओटा बंदिस्त होऊन त्याचे स्वयंपाकघर होते, आणि ते हुकूमनाम्यात कुठेच नसते. बेलिफ जिन्यात उभा राहून कागद वाचतो, वर बघतो, पुन्हा वाचतो. हद्द ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. तो शेरा मारतो: 'मिळकतीची ओळख पटत नाही, सबब वॉरंट बिनबजावणी परत.' त्याचे बरोबरच असते. चुकीच्या खोलीचा ताबा दिला तर नोकरी त्याची जाणार.

टंकलेखनाची चूक असेल तर संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्ती होते. पण वर्णन मुळातच मोघम असेल तर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. बजावणी करणारे न्यायालय हुकूमनाम्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. मग कोर्ट कमिशनर, नकाशा, त्यावर हरकती. हा सगळा व्याप दावा दाखल करतानाच्या एका नकाशाने टळतो. शहरातल्या खोलीला इंचटेपने मोजून काढलेला साधा नकाशाही पुरतो: लांबी-रुंदी, दारे कुठल्या बाजूला, जिना कुठे, शेजारी कोण, सिटी सर्व्हे नंबर काय. शेतजमिनीला गट नंबर आणि हिस्सा यांच्याबरोबर भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीची 'क' प्रत. आणि हा नकाशा हुकूमनाम्याचा भाग करा असे निकालाच्या आधी न्यायालयाला सांगायचे. नाहीतर तो पुराव्याच्या गठ्ठ्यात राहतो आणि वॉरंटाला जोडला जात नाही.

वॉरंट निघाले की ते नाझराकडे, म्हणजे बेलिफांना कामे वाटून देणाऱ्या न्यायालयातल्या अधिकाऱ्याकडे, जाते. नाझर बेलिफाच्या नावे ते सोडतो. त्याआधी प्रोसेस फी आणि बेलिफाचा भत्ता-प्रवासखर्च रीतसर पावती घेऊन भरायचा असतो. जाण्याच्या दिवशी दरखास्तदार स्वतः किंवा त्याचा मुखत्यार हजर लागतो, कारण मिळकत दाखवायची त्याने आणि ताबा घ्यायचाही त्यानेच. वकील गेला तरी चालते असे समजून मालक घरी बसतो आणि वॉरंट परत येते, हे नेहमीचेच. बरोबर दोन पंच, शक्यतो त्याच वस्तीतले आणि ओळखपत्र असलेले. कुलपे काढणारा कारागीर. सामान उचलायला हमाल, गरज वाटल्यास टेम्पो. व्हिडिओ काढणारा एक माणूस. आणि नवी कुलपे, किती दारे आहेत ते मोजून. सगळा लवाजमा नेऊन नवे कुलूप विसरलेले लोक कमी नाहीत. रिकामी केलेली खोली कुलूप न लावता सोडली की संध्याकाळपर्यंत ती पुन्हा भरते.

पोलीस बंदोबस्ताचा अर्ज वेगळा करावा लागतो. पोलिसांशिवाय बजावणी शक्य नाही अशी न्यायालयाची खात्री पटली की न्यायालय संबंधित ठाण्याला आदेश देते. बंदोबस्ताचा खर्च दरखास्तदाराच्या माथी. अडचण अशी की बरीच न्यायालये पहिल्याच अर्जावर पोलीस देत नाहीत. आधी बेलिफाने रिकाम्या हाताने परत यावे, अडथळ्याचा अहवाल द्यावा, मग बघू. म्हणून पहिल्या अर्जातच अडथळ्याची कारणे ठोस लिहावीत: आधीच्या तक्रारी, नोटीस घ्यायला नकार, दारावर दिलेल्या धमक्या. कुलूप तोडण्याची परवानगीही त्याच अर्जात मागून ठेवावी, नाहीतर बेलिफ 'घरास कुलूप' एवढे लिहून परत येतो. आदेश मिळाला तरी तारीख ठाण्याशी जुळवून घ्यावी लागते. गणपती, निवडणूक किंवा मंत्र्यांचा दौरा असला की बंदोबस्त मिळत नाही. घरात बायका असतील तर महिला पोलीस मागावेत. आणि हे ध्यानात ठेवावे की पोलीस शांतता राखायला आलेले असतात. ताबा देणारा बेलिफच. पोलीस सामान उचलू लागले तर समजावे की काहीतरी चुकते आहे.

दारात पहिले काम वॉरंट वाचून दाखवण्याचे. नंतर जागा सोडा असे सांगायचे आणि वेळ द्यायचा. किती, ते कायद्याने मिनिटांत सांगितलेले नाही. आदेश २१ चा नियम ३५ फक्त वाजवी इशारा द्या म्हणतो आणि रूढीप्रमाणे पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना बाजूला होण्याची सोय करून द्या म्हणतो. १९०८ ची भाषा आहे, पण तिच्यातला संकोच मला आवडतो. त्यानंतर कुलूप काढणे, कडी तोडणे, दार फोडणे आणि हुकूमनामा ज्याच्यावर बंधनकारक आहे त्या माणसाला हलवणे, हे सगळे करता येते. जंगम वस्तू जप्त करायला किंवा अटक करायला राहत्या घरात सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी शिरायचे नाही असा स्पष्ट दंडक आहे. ताब्याच्या नियमात तो शब्दांत नाही, तरीही शहाणा बेलिफ सकाळीच निघतो. दुपारी तीनला सुरू केलेला ताबा साडेपाचला अर्ध्यावर सोडावा लागतो, आणि अर्धा ताबा ही फार वाईट गोष्ट.

सामानाची यादी हा कंटाळवाणा भाग, आणि नेमका तोच पुढे अंगावर येतो. प्रत्येक वस्तू पंचनाम्यात: भांडी किती, गाद्या किती, फ्रीज कुठल्या कंपनीचा, कपाट उघडे की कुलूपबंद. कुलूपबंद कपाट उघडायचे तर पंचांसमोर, कॅमेऱ्यासमोर. दागिने, रोकड, औषधे, मुलांची शाळेची कागदपत्रे आणि देवघरातले देव त्या कुटुंबाच्या हातात आधी द्यावेत, पोच घेऊन. बाकीचे सामान त्यांनी नेले नाही तर यादीसह सुपूर्दनामा करून कोणाच्या तरी ताब्यात द्यावे लागते, आणि तो 'कोणीतरी' बहुधा दरखास्तदारच असतो. यादी न करता सामान रस्त्यावर ठेवले की दुसऱ्या दिवशी वीस तोळे सोने गेल्याची तक्रार तयार. विजेच्या मीटरचे रीडिंग आणि गॅस सिलिंडरही पंचनाम्यात लिहावे.

आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस? कायद्यात त्याला सूट नाही. बेलिफाला मुदत देण्याचा अधिकारही नाही. तो परिस्थिती लिहून अहवाल देऊ शकतो, मुदत देईल तर न्यायालय. पण खाटेसकट माणूस उचलण्याची छाती कोणाला होत नाही, होऊही नये. जाबदारांना हे ठाऊक असते. बजावणीच्या तारखेला गावाहून आजी आणून ठेवण्याचा प्रकार इतका सर्रास आहे की अनुभवी दरखास्तदार आदल्या आठवड्यात घरात कोण कोण आहे याची चौकशी करतो आणि रुग्णवाहिकेची सोय हाताशी ठेवतो.

सर्वांत मोठी चूक होते ती ताबा पावतीवर. एक खोली उघडली, दुसरीत जाबदाराचा भाऊ बसून आहे. उन्हे उतरली आहेत. बेलिफ म्हणतो, सही करा, बाकीचे नंतर बघू. सही करायची नाही. ज्या मिळकतीत भाडेकरू कायदेशीर हक्काने बसलेला आहे, तिथे वॉरंटाची प्रत चिकटवून आणि दवंडी पिटून कागदोपत्री ताबा देता येतो, त्यासाठी नियम ३६ वेगळा आहे. प्रत्यक्ष ताब्याचा हुकूमनामा असताना कागदोपत्री ताब्यावर समाधान मानले तर 'हुकूमनाम्याची पूर्तता झाली' अशी नोंद होऊन दरखास्त निकाली निघते. मग आत बसलेल्या भावाला काढायचे कसे, यावर नवे भांडण.

तो भाऊ हा या सगळ्या नाटकातला कायमचा नट. मुंबईच्या न्यायालयात त्याला 'ऑब्स्ट्रक्शनिस्ट' म्हणतात, आणि त्याच्यावर काढायच्या नोटिशीलाही तेच नाव पडले आहे. कधी तो पोटभाडेकरू असतो, कधी भागीदारीचा कागद घेऊन आलेला दुकानदार, कधी माहेरी परतलेली बहीण. त्याचे म्हणणे एकच: मी दाव्यात नव्हतो, हुकूमनामा माझ्यावर बंधनकारक नाही. यातले काही खरे असतात. म्हणूनच बेलिफाने त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. अडथळा कोणी केला, नाव काय, हक्क कोणता सांगितला, कोणता कागद दाखवला, एवढे लिहून घ्यायचे. दरखास्तदाराने नियम ९७ खाली अर्ज करायचा, तोही तीस दिवसांत. पुढे न्यायालय त्या माणसाचा हक्क तपासते आणि त्यासाठी वेगळा दावा चालत नाही; नियम १०१ प्रमाणे सगळे प्रश्न तिथेच सुटतात. १९७६ च्या दुरुस्तीने हे घडले. त्याआधी थोडक्यात चौकशी आणि मग वेगळा दावा, असा दुहेरी फेरा होता. आता फेरा एक झाला, पण तो लांबला, कारण या निर्णयालाही हुकूमनाम्याचाच दर्जा आहे आणि म्हणून त्याच्यावर अपीलही आहे.

१९९७ च्या ब्रह्मदेव चौधरी निकालापासून अडथळा करणाऱ्याला बाहेर काढण्याआधीच आपले म्हणणे मांडता येते. आधी हुसकले जा, मग दाद माग, असे नाही. न्याय्य आहे हे, आणि याचाच सर्वाधिक गैरवापरही होतो. त्यावर दोन तोडगे. दावा चालू असताना ज्याने जाबदाराकडून जागा घेतली त्याला अडथळ्याचा हक्कच नाही, असे नियम १०२ सांगतो. तेव्हा त्याच्या कागदाची तारीख बघायची. आणि सबळ कारणाशिवाय, जाबदाराच्या चिथावणीने अडवणारा आदेशानंतरही हटला नाही तर त्याला तीस दिवसांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते. पण खरा उपाय पुन्हा मागेच जातो: दावा लावण्याआधी वीजबिल कोणाच्या नावे, रेशनकार्डावर कोण, दुकानाचा परवाना कोणाचा हे काढायचे आणि त्या सगळ्यांना पक्षकार करायचे. एका प्रतिवादीचा समन्स खर्च वाचवण्यासाठी पुढची सात वर्षे घालवणारे हिशेबी लोक आपल्याकडे खूप.

शेतजमिनीच्या वाटपाची गोष्ट आणखी रेंगाळणारी. दिवाणी न्यायालय हिस्से ठरवते, पण सारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेखचे उपअधीक्षक, मोजणीची फी, मोजणीची तारीख, शेतात उभा ऊस म्हणून मोजणी पुढे, पाऊस म्हणून पुन्हा पुढे. वाटप तुकडेबंदीत बसवायचे, विहीर कोणाकडे, वाट कोणाची हे ठरवायचे. न्यायालयाची फाइल तिकडे गेली की इकडे कोणी विचारत नाही. पाठपुरावा करणारा एक भाऊ असेल तरच ती हलते.

जागेची गोष्ट सोडून पैशाच्या हुकूमनाम्याकडे वळले तर तिथे कायदा ऋणकोकडे, म्हणजे देणेकऱ्याकडे, झुकलेला दिसतो, आणि ते बरे आहे. कलम ६० प्रमाणे नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, स्त्रीला धर्माप्रमाणे अंगावरून उतरवता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे जप्त होत नाही. शेतकऱ्याचे राहते घरही नाही. पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश हिस्सा सुरक्षित: ३१,००० पगार असेल तर जप्तीयोग्य १०,०००, आणि एका हुकूमनाम्यापोटी ही जप्ती एकूण चोवीस महिनेच. म्हणजे फार तर २,४०,०००. तुरुंगाची धमकी दिली जाते, पण पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होत नाही, आणि १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीज निकालानंतर नुसती ऐपत नसणे हे तुरुंगात टाकण्याचे कारण राहिलेले नाही. ऐपत असून दडवणे सिद्ध करावे लागते. ऋणकोंसाठी एकच सूचना. न्यायालयाबाहेर रोख फेड केली असेल तर ती तीस दिवसांत न्यायालयात नोंदवून घ्या. नोंद नसलेली फेड बजावणीच्या वेळी न्यायालय जमेस धरत नाही, मग शंभर साक्षीदार उभे करा.

हरलेल्या भाडेकरूच्या बाजूनेही कायदा थोडा उभा असतो. हुकूमनामा खिशात असला तरी मालकाने स्वतः कुलूप बदलायचे नाही, पाणी-वीज तोडायची नाही. कायद्याची वाट सोडून हुसकले तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून मालकी न तपासता ताबा परत मिळतो. स्वतःला राहायला हवी म्हणून जागा सोडवून घेतली आणि महिनाभरात मालक तिथे गेलाच नाही, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १७ खाली भाडेकरू परत मागू शकतो. आणि ताबा गेल्यानंतर अपिलात हुकूमनामाच रद्द झाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ प्रमाणे जागा परत द्यावी लागते. म्हणून अपील लटकलेले असताना ताबा मिळवलेल्या मालकाने लगेच भिंती पाडू नयेत.

ताबा मिळाला, पंचनाम्यावर सह्या झाल्या, बेलिफाचा अहवाल दाखल झाला, तरी फाइल मिटतेच असे नाही. बेकायदा वापराच्या भरपाईची, वकिलांच्या भाषेत मेस्ने प्रॉफिटची, चौकशी बाकी असते. दावा दाखल झाल्यापासून ताबा मिळेपर्यंत, किंवा हुकूमनाम्यापासून तीन वर्षे, यांतले जे आधी घडेल तिथपर्यंतचा हिशेब. त्यासाठी आसपासच्या जागांचे नोंदणीकृत भाडेकरार आणि मूल्यांकन करणाऱ्याची साक्ष लागते, समोरचा उलटतपास घेतो, आणि शेवटी अंतिम हुकूमनामा होतो. तो पैशाचा. त्याच्या वसुलीसाठी नवी दरखास्त, नियम अकराचा तोच तक्ता, आणि या वेळी 'आधीची दरखास्त' या रकान्यात लिहायला एक नंबर.